खुर्च्यांचा ठराव

आमची आत्या आयुष्यात कधी बससाठीसुद्धा धावलेली नाही. तरी शंभर-शंभर किलोमीटर पळणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेची ती अकरा वर्षं बिनपगारी सचिव आहे. दिवसभर शिवणाचं दुकान, उरलेल्या वेळात या वेड्यांचा संसार.

संघटनेचा एक नियम आहे. वर्षातून एकदा शर्यतीत पाण्याच्या टेबलामागे आठ तास उभं राहायचं, पाणी द्यायचं, पायांच्या फोडांना पट्ट्या लावायच्या. जो उभा राहिला नाही, त्याला वार्षिक सभेत मत नाही.

यंदा आत्यानेच ठराव मांडला, की टेबलामागे स्वयंसेवकांना खुर्च्या द्याव्यात. खुर्ची मिळाली की लोक बसूनच राहतात, असं म्हणणारेही बरेच होते. मतदान सुरू झालं आणि अध्यक्षांनी ठरावाच्या बाजूने झटकन हात वर केला.

आत्याने चष्म्यावरून पाहिलं. “साहेब, हात खाली. यंदा तुम्ही टेबलावर नव्हता.”

“अहो बाई, मी शर्यत पळत होतो!”

“माहीत आहे. तुमच्या टाचेला पट्टी मीच लावली.”

सभागृह खो-खो हसलं. हात खाली आला आणि ठराव एका मताअभावी पडला.

घरी आल्यावर मी चिडले. “आत्या, अगं तो तुझ्याच बाजूने होता!”

“असू दे,” ती गुडघा चोळत म्हणाली. “पुढच्या वर्षी आठ तास उभा करते त्याला. मग खुर्च्यांचा ठराव तोच मांडेल.”