एकाच पलटणीतले मंत्री

ते पुस्तक मी निम्मंच वाचलं होतं. चूक म्हणाल तर एवढीच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी आकुर्डीला एका कारखान्यात होतो आणि चिंचवडला सोसायटीच्या तीन मजली इमारतीत राहत होतो. कंपनीच्या वाचनालयातून दक्षिण अमेरिकेतल्या एका प्रजासत्ताकाचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास आणला होता. त्यातला अध्यक्ष निवडून येतो आणि आपल्याच पलटणीतल्या सोबत्यांना मंत्री करतो. एकाला खजिना, एकाला बंदर, एकाला टपाल. सगळी विश्वासाची माणसं! मला हे इतकं पटलं, की पुढची पानं वाचायची गरजच वाटेना.

त्याच सुमारास मी सोसायटीचा चेअरमन झालो. दुसरं कुणी तयार नव्हतं, हे आमच्या घरात अजून आवर्जून सांगितलं जातं. मी लगेच मंत्रिमंडळ बनवलं. माझ्याबरोबर कंपनीच्या बसला उभे राहणारे तिघे घेतले. एकाकडे जिन्यातले दिवे, एकाकडे झाडलोट, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फिटरकडे पाणी. मोटरच्या खोलीची किल्लीही त्याच्याकडेच.

खालच्या नळाला पाणी सकाळी तासभर यायचं. तेवढ्यात मोटर लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागे. त्या आठवड्यात आमची सेकंड शिफ्ट होती, म्हणून फिटर डोळे चोळत का होईना, मोटर लावायचा. मी गॅलरीतून बघायचो आणि राज्य करतोय असं वाटायचं.

पुढच्या सोमवारी फर्स्ट शिफ्ट लागली. पहाटे आख्खं मंत्रिमंडळ एकाच बसमध्ये बसून आकुर्डीला गेलं. किल्ली फिटरच्या डब्याच्या पिशवीत.

फिटरच्या बायकोला आठवा महिना होता. आधीचं मूल गेलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, ओझं उचलायचं नाही.

दुपारी परतलो तर जिना अजून ओलाच. तळमजल्यावरच्या आजी पायरीवर बसल्या होत्या. त्या मूळच्या इथल्याच, गावातल्या.

"या, पाणीमंत्री! टाकीत थेंब न्हाई, आन् तुमची पोटुशी बायको बादली घेऊन जिना चढाया लागली व्हती."

फिटरचा चेहरा उतरला. "चढली?"

"दुसऱ्याच पायरीवर अडवली तिला," माझी बायको म्हणाली. "मग आम्ही बायकाच जिन्यात उभ्या राहिलो, आणि हातोहात बादल्या वर दिल्या. ती बरी आहे, झोपलीये."

मी म्हणालो, "राव, किल्ली घरी तरी ठेवायची!"

फिटरने माझ्याकडे बघितलंही नाही. पिशवीतून किल्ली काढली आणि माझ्या बायकोच्या हातावर ठेवली. "वहिनी, आता ही तुमच्याकडंच राहू दे." आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर पळाला.

झालं, मंत्रिमंडळ पडलं. त्यानंतर मोटर बायका लावू लागल्या, आणि महिन्याभराने फिटरकडचे पेढे आले, मुलगी झाल्याचे.

पेढा खाताना बायको म्हणाली, "तुमच्या त्या अध्यक्षाची पलटण सरहद्दीवर गेली. मंत्रीही तिच्याबरोबर गेले. राजधानीत कारभार बघायला कुणी उरलंच नाही. तिथंच संपलं सगळं."

"तुला काय माहीत?"

"तुम्ही शिफ्टला गेलात की मी वाचायची ते. शेवटपर्यंत."

"मग आधी नाही का सांगायचंस?"

"अहो, मी कुठं मंत्रिमंडळात होते?"