लोखंडी झाडाला पाणी

लोखंडाला लावायच्या रेड ऑक्साइड रंगाचा डबा उघडला की त्या वासासरशी मी मोहर्लीच्या बागेतल्या त्या सकाळीत जाऊन पोचते. अब्बांनी वेल्डिंग करून घडवलेलं भलंमोठं लोखंडी झाड क्रेननं नुकतंच उभं केलं होतं. पत्र्याची पानं वाऱ्यावर खुळखुळत होती. तेवढ्यात बागेत झाडलोट करणाऱ्या सखूबाईंनी बुंध्याशी तांब्याभर पाणी ओतलं.

"बाई, जंग लागन नं!" अब्बा ओरडले.

"झाड लावलं तं पानी नाई टाकाचं काय, भाऊ?"

अब्बा कपाळावर हात मारून हसले. पुढं दर उन्हाळ्यात ते बुंध्याचा गंज खरवडून रंग देत राहिले; सखूबाईंना मात्र त्यांनी कधी अडवलं नाही.

आता दोघंही नाहीत. बुंधा मीच रंगवते. रंग वाळला की तांब्या भरून आणते.