तांदळातलं नाव

दिल्लीच्या द्वारकेतल्या आठ-दहा सोसायट्यांत वासंतीबाई पाथरकरांना ओळखत नाही असं मराठी घर सापडायचं नाही, आणि आता पंजाबी घरंही त्याच वाटेवर आहेत. खारी बावलीच्या मसालाबाजारात जाऊन 'पत्थर फूल' मागायचं, घरी आणून त्याला पुन्हा दगडफूल म्हणायचं आणि मसाला कुटायला घ्यायचा, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या अतिथिगृहात उतरलेली मंडळीसुद्धा परत जाताना त्यांच्याकडची पुडी बॅगेत टाकून नेतात. खुद्द महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसांनी दिल्लीहून गोडा मसाला न्यावा, याचं वासंतीबाईंना हसू येतं. संक्रांतीला पानिपतच्या काला अंब स्मारकाला जाणाऱ्या बसमधली शिदोरीही त्यांचीच. हे सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि बाल्कनीत ठेवलेल्या एका मिक्सरवर चाललेलं. नाव नाही, पाटी नाही. लोक नुसतं 'वासंतीबाईंकडचं' म्हणत.

त्यांचा मुलगा वेदांत गुरुग्रामच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याच्या डोक्यात आलं की आईच्या या कामाची रीतसर कंपनी करायची, प्रायव्हेट लिमिटेड. एका दुकानवाल्यानं मसाला ठेवायची तयारी दाखवली होती, पण त्याला समोर कंपनी हवी होती. लिमिटेड म्हणजे काय, असं वेदांतच्या वडिलांनी, विश्वनाथरावांनी विचारलं. आयुष्य मंत्रालयाच्या फायलींत गेलेलं, त्यामुळे कुठल्याही शब्दाचा अर्थ विचारल्याशिवाय ते सही करत नाहीत. वेदांतनं सांगितलं, उद्या बुडाली तर कंपनी बुडेल, आपलं घर बुडणार नाही. संचालक दोन, आई आणि तो. मग विश्वनाथराव म्हणाले, ठीक आहे, आणि पुन्हा पेपरात शिरले.

कागदपत्रांसाठी इंद्रजित आला. वेदांतचा शाळेपासूनचा मित्र, कंपन्यांच्या नोंदणीचीच कामं करणारा. दोन थालिपिठं खाऊन झाल्यावर त्यानं समजावलं की आधी नाव मंजूर करून घ्यावं लागतं. सरकारला दोन नावं द्यायची, पसंतीच्या क्रमानं. आधीच्या कुठल्या कंपनीशी साम्य असलेलं नाव चालत नाही. माणसाचं नाव घेतलंत, तर ते कुणाचं, हे सांगावं लागतं.

पहिलं नाव वेदांतनं विचारही न करता टाइप केलं. वासंती फूड्स. "तुझंच नाव, आई. दुसरं कुठलं असणार?" असं म्हणताना त्याचा आवाज थोडा ओला झाला होता. पोरगं मायाळू आहे, त्यात वाद नाही. कुठलीही आई अशा वेळी कृतकृत्य झाली असती. वासंतीबाई "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी तवा खाली उतरवला.

दुसऱ्या नावासाठी घरात थोडी खलबतं झाली. विश्वनाथरावांनी 'महाराष्ट्र' सुचवलं, इंद्रजित म्हणाला, काका, नुसतं राज्याचं नाव मिळत नाही. सुनेनं, अनुष्कानं, एक इंग्रजी नाव सुचवलं, ते वेदांतला मसाल्यापेक्षा शाम्पूचं वाटलं. शेवटी तो म्हणाला, "आई, दुसरं तू सांग. तुला जे वाटेल ते."

तुला जे वाटेल ते. असं त्यांना या घरात कधी कुणी विचारलं होतं, हे त्यांना आठवेना.

"मीनाक्षी," त्या म्हणाल्या.

"अच्छा, देवीचं. चलो, बिल्कुल चलेगा." त्यानं टाइप केलंसुद्धा. मीनाक्षी गृह फूड्स. तवा गार झाला होता, तो वासंतीबाईंनी उगीच पुन्हा गॅसवर ठेवला.

आपल्याकडे नवी सून घरात आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहितो. रीत दिसायला भारी गोड. फोटो छान येतात, पेढे वाटले जातात, बायका कौतुकानं विचारतात, काय ठेवलं गं नाव? पण जुन्या नावाचं काय झालं, ते कुठं ठेवलं, हे मात्र कुणी विचारत नाही. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी डब्यात परत जातात आणि त्यांचा भात होतो.

वासंतीबाई या घरात आल्या तेव्हा मीनाक्षी होत्या. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, पहाडगंजच्या मराठी शाळेत जाणारी, वडिलांनी हौसेनं नाव ठेवलेली मीनाक्षी. पण पाथरकरांच्या घरी एक मीनाक्षी आधीच होती, थोरली जाऊ. सासूबाई म्हणाल्या, एका घरात दोन मीनाक्षी कशा चालतील, गोंधळ होईल. सगळ्यांना पटलं. खरं म्हणजे नव्या सुनेलाही पटलं, कारण तिला ते वाईट हेतूनं केलेलं वाटलंच नाही. विश्वनाथरावांनी अंगठीनं 'वासंती' लिहिलं आणि वेलांटी जरा तिरकी गेली म्हणून सगळे हसले. तीही हसली. पुढे थोरल्या जाऊबाई इंदूरला गेल्या, मग वारल्या. घरातली मीनाक्षीची जागा रिकामी झाली, पण तोवर रेशन कार्डापासून पासपोर्टापर्यंत सगळीकडे वासंती होऊन बसली होती. इथेही त्यांना वासंतीबाईच म्हटलं आहे. दुसरं म्हणणार कोण?

म्हणणारा एक होता. दादा, त्यांचा थोरला भाऊ. तो त्यांना शेवटपर्यंत मिनू म्हणत आला. सासूबाईंसमोरसुद्धा, फोन लावून खुशाल विचारायचा, "मिनू आहे का?" आणि सासूबाई प्रत्येक वेळी म्हणायच्या, वासंती आहे, देते. दोघांनीही कधी माघार घेतली नाही. भाऊबीजेला तो नोएडाहून यायचा आणि लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या हाक मारायचा. त्या हाकेनं वासंतीबाईंचं वय उतरायचं. ओवाळून होईपर्यंत त्या कुणाची सून नसत, कुणाची आई नसत.

करोनाच्या त्या भयंकर एप्रिलमध्ये दादा नोएडाच्या हॉस्पिटलात होता. एकदा त्याचा फोन आला, धाप लागलेली. म्हणाला, "मिनू, इथलं जेवण घशाखाली उतरत नाही गं. जरा बरा झालो की तुझ्या भाजणीचं थालीपीठ खायचंय." त्यांनी लगेच भाजणी भाजायला घेतली. बाहेर सगळं बंद, द्वारकेहून नोएडाला जाणार कसं, हा विचारसुद्धा न करता. भाजणी भाजून झाली, दळून झाली, डबा भरून झाला. मग भाचीचा, दादाच्या मुलीचा, फोन आला. ती रडत 'आत्या, आत्या' एवढंच म्हणत होती. दादाला शेवटचं पाहायलाही मिळालं नाही. त्यानंतर जगात त्यांना मिनू म्हणणारं कुणी राहिलं नाही. भावासाठी रडताना आपण आपल्यासाठीही रडतो आहोत, हे त्यांना कळत होतं आणि त्याची शरमही वाटत होती.

वेदांतच्या लग्नात मात्र त्यांनी एक गोष्ट केली होती. भटजींनी सांगितल्यावरून कुणीतरी तांदळाचं ताट घेऊन आलं, तेव्हा वासंतीबाई पुढे झाल्या, ताट हातातून काढून घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. अनुष्का अनुष्काच राहील, एवढंच म्हणाल्या. लोकांनी त्यांना पुढारलेली सासू ठरवून टाकलं. का, हे कुणीच विचारलं नाही.

आता नावं सरकारकडे गेली होती आणि वासंतीबाईंचा जीव टांगणीला लागला. पहिलं नाव नामंजूर झालं तर दुसरं मिळेल, असं इंद्रजित बोलता बोलता म्हणाला होता. देवापुढे दिवा लावताना त्यांच्या मनात यायचं, पहिलं जाऊ दे. पोरानं एवढ्या प्रेमानं दिलेलं नाव जाऊ दे, असं मागायचं? त्या दचकायच्या, हात जोडायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मागायच्या. मीनाक्षी असं पुडीवर छापलेलं त्यांच्या डोळ्यांसमोर येई. दुकानात कुणी म्हणेल, भैया, मीनाक्षीवाला मसाला देना. दिवसातून दहा अनोळखी तोंडांतून तरी ते नाव निघेल. इतकीच त्यांची मागणी होती, आणि ती कुणाला सांगायची हिंमत त्यांच्यात नव्हती.

उत्तर आलं तेव्हा सगळे घरीच होते. वेदांतनं लॅपटॉपवर वाचलं आणि कपाळाला हात लावला. 'वासंती'शी साम्य असलेली कंपनी आधीच होती. वासंतीबाई ओट्यापासून दोन पावलं पुढे आल्या. मीनाक्षीबद्दल सरकारनं नकार दिला नव्हता, खुलासा मागितला होता. ही मीनाक्षी कोण, संचालकांशी तिचं नातं काय. नातं असेल तर पुरावा द्या, नसेल तर तिची संमती जोडा.

वेदांत हसला. "आता देवीची सही कुठून आणू यार? सोड, ते काढूनच टाकतो. आपल्या घरात कोण मीनाक्षी आहे?"

"मी," वासंतीबाई म्हणाल्या.

त्याला आधी काही कळलंच नाही. मग त्यांनी पदराला हात पुसत, भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की ते त्यांचं माहेरचं नाव. वेदांतचा चेहरा उतरला. या बाईच्या हातचं जेवून तो एवढा वाढला, आणि तिचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. मामा मिनू म्हणायचा ते त्याला आठवत होतं, पण ते त्याला लाडाचं वाटायचं, मनी-चिमीसारखं. अनुष्का सासूबाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली. तांदळाचं ते ताट तिला आज समजलं असावं.

वेदांतनं तिथल्या तिथे इंद्रजितला फोन लावला. इंद्रजित म्हणाला, होईल, पण शाळेचा दाखला वगैरे जुना कागद लागेल, नाहीतर नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र, माहेरचं कुणी जाणतं असेल तर उत्तम. उत्तराची मुदत थोडी आहे. त्यापेक्षा 'वासंती'पुढे आडनाव लावलं, तर वेगळेपणा येईल, ते सोपं. दाखला सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडताना केव्हाच गहाळ झाला होता. माहेरचं जाणतं माणूस तर आता फोटोत होतं.

"तरी आपण करू," वेदांत म्हणाला. "आई, मी धावपळ करतो. बाबा लिहून देतील ना."

विश्वनाथरावांनी पेपर खाली ठेवला. माणूस वाईट नाही. कधी आवाज चढवला नाही, कधी ताट सरकवलं नाही. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता आणि त्यांनी तो सरळ विचारला. "अगं, पण ते नाव आता कुणाच्या लक्षात तरी आहे का?"

"दादाच्या होतं," वासंतीबाई म्हणाल्या.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आत्ता, या क्षणी, एकदा त्यांनी ते उच्चारावं, नुसतं उच्चारावं, एवढीच त्यांची इच्छा होती. विश्वनाथराव कसनुसे झाले, चष्मा काढून पुसू लागले आणि हळूच म्हणाले, "तू म्हणशील तसं, वासंती."

त्यात दोष कुणाला द्यायचा? तोंडात बसलेलं नाव होतं, तेच आलं. पण त्या एका शब्दानं वासंतीबाईंच्या आतलं उभं राहिलेलं सगळं खाली बसलं. त्यांना स्वच्छ कळलं की कागद मिळतील, शिक्के मिळतील, पुडीवर नावही छापून येईल, आणि तरीही या घरात कुणी त्यांना त्या नावानं हाक मारणार नाही. त्यांना नोंदणी नको होती. त्यांना हाक हवी होती, आणि ती नोएडाच्या त्या हॉस्पिटलात संपली होती.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "लोक वासंतीलाच ओळखतात. आडनाव लावून तेच कर."

वेदांतनं बराच आग्रह केला, अनुष्कानंही केला. वासंतीबाई हसून नको म्हणत राहिल्या. मग इंद्रजितनं पाठवलेला संमतीचा मजकूर वेदांतनं छापून आणला. खबरदारी म्हणून जोडू, असं इंद्रजितचं म्हणणं होतं. त्यात लिहिलं होतं, माझं नाव कंपनीच्या नावात वापरण्यास माझी काहीही हरकत नाही. वासंतीबाईंनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी लेखी विचारत होतं, हरकत आहे का म्हणून. त्यांनी खाली सही केली, वासंती विश्वनाथ पाथरकर, वळणदार अक्षरात.

रात्रीची जेवणं झाल्यावर वेदांत स्वयंपाकघरात आला. ओट्याला टेकून थोडा वेळ उभा राहिला आणि धीर करून म्हणाला, "मिनू." जपून, परक्या भाषेतला शब्द म्हणून पाहावा तसा. वासंतीबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. नाव तेच होतं, हाक ती नव्हती. पण लेकाचं मन मोडू नये म्हणून त्या म्हणाल्या, "हं, छान म्हणतोस." तो गेल्यावर त्यांनी नळ मोठा सोडला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

नाव मंजूर झालं. वासंती पाथरकर फूड्स प्रायव्हेट लिमिटेड. प्रमाणपत्र आलं त्या दिवशी वेदांतनं पेढे आणले आणि सोसायटीत वाटले. लोक विचारत होते, काय ठेवलं नाव? वासंतीबाई सांगत होत्या. पहिला पेढा त्यांनी देवापुढे ठेवला, दुसरा दादाच्या फोटोपुढे, आणि फोटोपुढे मात्र त्यांच्याच्यानं उभं राहवेना. तेवढ्यात दुकानवाल्याचा फोन आला, अभिनंदन करायला. वासंतीजी बोल रही हैं, असं त्यानं विचारलं.

पदरानं डोळे टिपून त्या म्हणाल्या, "जी, बोल रही हूँ."