दोन दारांचा फ्रिज, एका दाराची बोट

फ्रिज विकत घेताना माणूस त्याच्या पोटात डोकावतो, भाजीचे कप्पे ओढून बघतो, बर्फ किती वेळात होतो ते विचारतो. तो घरात शिरणार कसा, हे विचारायचं त्याला सुचत नाही. आणि घर पाण्यावर तरंगणारं असलं, तर हा शहाणपणा दुप्पट होतो. तीस वर्षं धक्क्याला बांधलेल्या राहत्या बोटींमध्ये फ्रिज, ओव्हन, वॉशिंग मशीन बदलून मापाडीण एवढंच शिकली होती की, बहुतेकांना डोकं असतं ते फक्त केस विंचरायला.

मापाडीण हे काही तिचं नाव नव्हे. ते टोपणनाव थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे भावोजींनी, हिणवायला ठेवलं आणि धक्क्याने कौतुकाने उचललं. भावोजी मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर लोकांच्या शेताच्या हद्दी ठरवल्यामुळे माप ही आपली वडिलोपार्जित मालमत्ता आहे, अशी त्यांची समजूत. मेहुणीने कमरेला टेप लावून हिंडावं हे त्यांना जरा अतिक्रमणच वाटे.

तिची पद्धत साधी होती. नवं यंत्र घेण्याआधी ती त्याच मापाचं पुठ्ठ्याचं खोकं बनवायची, आतून लाकडी पट्ट्यांनी ताठ केलेलं. एक टोक स्वतः धरायची, दुसरं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि ते रिकामं खोकं धक्क्यावरून बोटीवर टाकलेल्या फळीवरून, दारातून, पायऱ्या उतरून, वळणं घेत थेट जागेपर्यंत न्यायची. अडेल तिथे खडूची खूण. लोक हसत. ती म्हणायची, “हसा. जागा कुठे पळून जात नाही, दगा देते ती वाट.” छप्पन्न वर्षांची, काटकुळी, बोटीच्या कुठल्याही सांदीत शिरणारी बाई. गोड बोलणं तिला जमत नसे आणि जमावं अशी इच्छाही नव्हती.

एका सकाळी ताईचा फोन आला.

“अगं, ह्यांनी फ्रिज आणलाय.”

“कितीचा? म्हणजे, किती दारांचा?”

“दोन.”

“ताई, तुमच्या बोटीला दार एकच आहे.”

“तेच तर,” ताई म्हणाली.

मापाडीण पोचली तेव्हा फ्रिज धक्क्यावर उभा होता, बोटीपेक्षा चकचकीत. येणारेजाणारे थांबून पाहत होते. भावोजी हातात आराखडा घेऊन उभे. स्वैपाकघरातली फ्रिजची खोबण त्यांनी मिलिमीटरपर्यंत मोजली होती. कागदावर तीन रंगांच्या रेघा होत्या. आत जायच्या वाटेची एकही नव्हती.

“या, मेहुणीबाई! बघा माप. केसभर फरक नाही.”

“खोबणीचं बघितलं. दाराचं कुठाय?”

“दार काय, दार रोजचंच आहे. आम्ही जातो-येतो त्यातून.”

“तुम्ही जाता. तुम्ही फ्रिज नाही.”

तिने पुठ्ठा कापला, खोकं उभं केलं. ताईने दुसरं टोक धरलं. खोकं फळीवरून आलं, दारातून आडवं होऊन शिरलं आणि दुसऱ्या पायरीवर, छताच्या तुळईखाली, घट्ट बसलं. ना पुढे ना मागे.

“दारं काढून टाक की त्याची,” भावोजी वरून ओरडले.

“काढूनच धरलंय माप. बिजागऱ्यासुद्धा काढल्यात. तरी बारा सेंटिमीटर जास्त.”

“मग जुना कसा आत गेला?”

“आधी जुना ठेवला, मग वरचं छप्पर बसवलं. बांधणाऱ्यालाही तुमच्यासारखीच घाई होती. तो आता तुकड्यांनीच बाहेर यायचा.”

भावोजींनी क्षणभर विचार केला. निदान तसा चेहरा केला. “ठीक आहे. तुळई बारा सेंटिमीटर कापू. सुतार दुपारी चारला येतोय.”

काही बोलायच्या आधी मापाडीणीने ताईकडे बघून घेतलं. ती तुळई बोटीच्या दोन्ही कुशी धरून ठेवते, हे धक्क्यावरच्या मांजरालाही ठाऊक. ती कापली की छप्पर खचायला लागणार, सांधे उघडणार, पाणी आत येणार. आणि ही बोट म्हणजे ताईचं एकुलतं एक घर. स्वतःच्या वाट्याचं जमिनीवरचं घर विकून तिने ती घेतली होती, भावोजींना पाण्यावर राहायची हौस होती म्हणून.

“परत करा ना,” मापाडीण म्हणाली. “सात दिवसांत घेतात.”

“पैसे भरून आज सातवा दिवस, आला मात्र आज,” ताई हळूच म्हणाली.

“परत-बिरत काही नाही,” भावोजी म्हणाले आणि तुळईवर पेन्सिलीने रेघ ओढू लागले.

ताईने बहिणीला मागे ओढलं. “दुकानदार पूर्वी ह्यांच्याच हाताखाली मोजणीची साखळी धरायचा. त्याने विचारलं होतं, ‘साहेब, दाराचं माप घेतलंत ना?’ हे म्हणाले, ‘तू मला माप शिकवतोस?’ चारचौघांत.”

म्हणजे एका वाक्यापायी अख्खी बोट. मापाडीणीने यापेक्षा मूर्ख माणसं पाहिली होती, पण ती तिच्या नात्यातली नव्हती.

तिने तरीही एक प्रयत्न केला. नवा फ्रिज जुन्यापेक्षा साठ किलोंनी जड. तिने पाण्याचे वीस लिटरचे तीन कॅन भरले आणि खोबणीपाशी ठेवले. बोट त्या कुशीवर जराशी कलली. टेबलावर भावोजींनी ठेवलेली पेन्सिल सावकाश घरंगळली आणि खाली पडली.

“बघा. हे रोज असंच राहणार. न्हाणीतलं पाणी कोपऱ्यात तुंबणार.”

“मग पलीकडे तेवढंच वजन ठेवू!”

“कसलं? तुमच्या शहाणपणाचं? ते साठ किलो भरायचं नाही.”

“तुला नसेल करायचं तर नको करूस. करणारे छप्पन्न मिळतील.”

हे मात्र खरं होतं. तुळई कापून देणारे धक्क्यावर पैशाला पासरी होते, आणि चार वाजायला तासभर उरला होता. मापाडीणीने टेप गुंडाळली. माणसाला माप दाखवता येतं, त्याच्या गळी उतरवता येत नाही.

ताईने पदराला हात पुसले. टेबलावरचा फोन उचलला, दुकानाचा नंबर लावला. नवऱ्याकडे पाठ केली नाही, समोर उभी राहूनच बोलली.

“मी बोलतेय, बोटीवरून. फ्रिज परत न्यायला या, चारच्या आत. नाही, फ्रिज चांगला आहे. आमच्या ह्यांचं माप चुकलं.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“हो. दाराचं. तुम्ही म्हणालाच होतात. आणि एका दाराचा एक लहान पाठवा. माप माझी बहीण सांगेल.”

फोन मापाडीणीच्या हातात आला. ती आकडे सांगत असताना भावोजी तुळईखाली कानापर्यंत लाल होऊन उभे होते.

“एवढं बोलायची गरज होती?”

“होती,” ताई म्हणाली. “सुताराला येऊ नका म्हणून तुम्ही कळवताय की तेही मीच कळवू?”

भावोजींनी कळवलं.

संध्याकाळपर्यंत मापाडीणीने जुना फ्रिज आतल्या आत सोडवला. आधी गॅस टाकीत काढून घेतला, मग कॉम्प्रेसर, मग पत्रा कात्रीने कापून तुकडे. ताई एकेक तुकडा वर देत गेली. दुसऱ्या दिवशी लहान फ्रिज आला. तो उचलायला तिसरं माणूस हवं होतं आणि तिसरं माणूस भावोजीच होते. त्यांनी खालची बाजू धरली. फळी ओलांडली, दार आलं, पहिली पायरी, दुसरी. तुळईखाली दोन बोटं जागा राहिली.

भावोजींनी घसा साफ केला. “जरा डावीकडे घेतलं तर...”

“भावोजी,” मापाडीण म्हणाली, “बोलू नका. नुसतं धरा.”

त्यांनी धरलं.