नवरदेव उशिराच येतो

मास्तर ट्रंपेट तोंडाला लावायच्या आधी वरचे पुढचे दोन दात अंगठ्यानं दाबून बघायचा. जागेवर आहेत ना, एवढंच. पुढं दात गेले, ट्रंपेट दुसऱ्याच्या हातात गेलं, तरी अंगठा काही सुटला नाही. त्या शेवटच्या सकाळीसुद्धा आम्ही दोघं भद्रकालीतल्या आमच्या बँडच्या गाळ्याबाहेर पायरीवर बसलो होतो, चिंच आणि राख घेऊन पितळ घासत होतो, आणि मधेच याचा अंगठा रिकाम्या हिरडीवर.

"काय शोधतोस रे तिथं?" मी म्हणालो.

"सवय आहे. तुला नाही का, भाकरी करपली की अजून आत बघतोस. कुणी नाही आता तिथं."

दुसऱ्यानं असं बोललं असतं तर मी उठून गेलो असतो. हा बोलला की हसू यायचं. आमची ही जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती आणि तिचं नाव माझ्यासमोर न घाबरता काढणारा हा एकटाच माणूस होता.

मग तो म्हणाला, "उद्या पिंपळगावची सुपारी आहे. द्राक्षवाल्यांचं लग्न. नवरदेव उशिरा येणार बघ." ट्रंपेट फडक्यात गुंडाळलं, झांजा खुंटीला लावल्या आणि जेवायला घरी गेला.

तुम्ही वरातीत बँडवाल्यांकडं कधी नीट बघितलंय? कोणी बघत नाही. सगळे घोड्याकडं बघतात. आम्ही मात्र सगळ्यांकडं बघत असतो. मी मोठा ढोल वाजवायचो, मास्तर ट्रंपेट. शाळा माझी तिसरीपर्यंत, त्याची सातवीपर्यंत, म्हणून पेपर तो वाचायचा आणि शिव्या मी द्यायचो. बँडमधल्या म्होरक्याला मास्तरच म्हणतात, त्यामुळं त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाच आठवत असेल.

आणि या माणसाला येड होतं फुटबॉलचं. त्यातही आपल्या इंडियाच्या टीमचं. लहानपणी ईदगाह मैदानावर अनवाणी खेळायचा. एकदा कुठल्याशा स्पर्धेच्या फायनलला आमचा बँड बोलावला होता. गोल झाला की वाजवायचं, असं ठरलेलं. गोल झाला. बँड गप्प. बघतो तर मास्तर ट्रंपेट काखेत मारून नाचतोय.

त्या काळात, म्हणजे नव्वदच्या पुढं, इंडियाची फुटबॉल मॅच बघणं म्हणजे दुखणं होतं. आमचे ड्रेस शिवणारा टेलर शेजारच्या गाळ्यात. त्याच्याकडं छोटा टीव्ही. मॅच कधी दाखवतील, कधी नाही. दाखवली की आम्ही पाच-सात बँडवाले शिलाई मशीनच्या मधल्या जागेत उकिडवे बसायचो. आपली पोरं हरायची. येणारा जाणारा दारातून डोकं घालायचा, "स्कोर काय झाला?" फुटबॉल दिसला की, "हॅट," म्हणून जायचा.

मास्तर मात्र मॅच बघायचा ती बँडमास्तर म्हणूनच. "हा बघ, क्लॅरिनेट आहे नुसता. गोड वाजतो, पण पळत नाही. तो मागचा ढोल आहे, तुझ्यासारखा. हलत नाही, पण कोणी अंगावरून जात नाही. सगळे चांगले वाजवतात रे. पण शेजारचा काय वाजवतोय ते एक जण ऐकत नाही."

शिट्टी वाजली, हरलो, की बाकीचे उठायचे. तो उठायचा नाही. मी म्हणायचो, "चल की आता, संपलं."

"येईल," म्हणायचा. "नवरदेव उशिराच येतो. बँडवाल्यानं जायचं नसतं."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. आमच्या धंद्यात ते खरंच आहे. मुहूर्त टळतो, जेवणं उरकतात, घोडेवाला कंटाळून निघून जातो, पण बँडवाला रस्त्यावर उभा असतो. इंडियाची टीम म्हणजे त्याच्या लेखी असाच एक वाटेत अडकलेला नवरदेव. आणि ती आपल्या घरच्या मैदानावर कप जिंकली की गल्लीतून वरात काढायची, हे त्यानं मनाशी पक्कं केलेलं.

माझी बायको त्याला फार छळायची. मी आणि तो घरी आलो की चहाचं आधण ठेवता ठेवताच, "काय मास्तरभाऊजी, आला का तुमचा नवरदेव?"

"निघालाय, वहिनी."

"बैलगाडीनं निघालाय का?"

असं वर्षानुवर्षं चाललं.

आणि एकदा तो खरंच आला, तर आम्ही जागेवर नव्हतो. ऐन लग्नसराईत आपली टीम गोव्यात कप जिंकली. आम्ही सटाण्याकडं एका लग्नात. दोन दिवस तिकडंच वाजवत होतो, कसला टीव्ही आणि कसलं काय. परत येताना पिंपळगावला टेम्पो चहाला थांबला. हॉटेलातला पेपर मास्तरनं उचलला आणि बसूनच राहिला. कोपऱ्यात चार ओळी होत्या.

"नवरदेव येऊन गेला," म्हणाला. "आणि बँड जागेवर नाही."

"मग आता वाजवू की इथं," मी म्हणालो. "सगळे आहेत, सामान आहे."

"शिळी वरात वाजवत नाहीत." चहा तसाच ठेवला त्यानं. चहा टाकणारा माणूस नव्हता तो.

मग त्याचे दात हलायला लागले. ट्रंपेटवाल्याचा सगळा जीव पुढच्या दातांत. ओठ त्यांच्यावरच दाबायचा असतो, दात गेले की हवा कुठूनही पळते, सूर लागत नाही. इंदिरानगरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन्ही काढून टाका, हिरडी सडलीय. मी बरोबर होतो.

"आत्ता नको, मॅडम. वरात व्हायचीय."

"मुलाचं लग्न आहे का?"

"मुलाचं झालं. इंडियाचं राहिलंय."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

पुढं वर्षानुवर्षं तो एकाच बाजूनं चावायचा. शेंगदाणे बंद, ऊस बंद, भाकरी दुधात. आमची ही त्याला वेगळी मऊ खिचडी करून द्यायची आणि द्यायच्या आधी टोमणा मारायची, "तुमचा तो गोल मारणारा लवकर उठला असता तर मला दोनदा चूल पेटवायला लागली नसती." मला तेव्हा खरंच भीती वाटायची. आधी दात जाणार की आधी कप येणार, ही शर्यत होती, आणि दातच पुढं होते.

मग त्या वर्षीचा श्रावण आला. श्रावणात लग्नं नसतात, बँडवाला मोकळा. दिल्लीत कपाची स्पर्धा होती आणि आपली पोरं जिंकत चाललेली. फायनलच्या दिवशी मास्तरनं सगळ्यांना ड्रेस घालून बोलावलं. लाल कोट, पिवळी झालर, टोप्या. मी म्हणालो, "हरलो तर या अवतारात घरी कसं जायचं?"

"तुझा अवतार बिनड्रेसचा कुठं बरा असतो?"

टेलरच्या गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. या वेळी फळवाले आले होते, भंगारवाला आला होता, आमची ही दारात खुर्ची टाकून बसली होती. टीव्हीत दिल्लीचं मैदान गच्च भरलेलं. इतकी माणसं आपल्या फुटबॉलला येतात हे बघूनच मास्तरचे डोळे भरले. "बघ," म्हणाला, "आपण एकटे नव्हतो रे."

अर्धी मॅच संपायला आली आणि आपला गोल झाला. गाळा हादरला, कैची खाली पडली. त्यानंतर मास्तरनं टीव्हीकडं पाठ केली ती केलीच. भिंतीकडं तोंड करून ट्रंपेटमधली थुंकी झटकत उभा. मी त्याला सांगायचं, त्यानं ऐकायचं.

"आले."

"गेले का?"

"गेले. वरून गेला बॉल."

"आता?"

"परत आले, तू गप बस की."

आणि शेवटची शिट्टी वाजली. इंडिया जिंकली. मास्तर वळला, आणि कोणी ओरडायच्या आधी त्याचा अंगठा दातांवर गेला. होते जागेवर.

वरात निघाली, पण वरातीला नवरदेव पाहिजे. टेलरनं आपला कापडाचा पुतळा उचलला, ज्याच्यावर कोट चढवून बघतात तो. त्याला निळा शर्ट घातला आणि फळवाल्याच्या हातगाडीवर उभा केला. आमच्या हिनं कुठूनतरी मुंडावळ्या आणल्या आणि अडकली. पुतळ्याला डोकंच नाही, बांधणार कुठं?

"गळ्यात बांधा," मास्तर म्हणाला.

"बांधते की. बिनडोक्याचा नवरदेव मला काय नवा नाही," माझ्याकडं बघून म्हणाली, आणि तिनं त्याला ओवाळलं. अख्खी गल्ली हसली. मीही हसलो, काय करणार.

असं वाजवलं त्या संध्याकाळी मास्तरनं. मी त्याच्याबरोबर जन्म घालवलाय, असं वाजवताना कधी ऐकला नाही. लोक गॅलरीत येऊन विचारायचे, "श्रावणात कुणाचं लग्न?"

"इंडियाचं."

"क्रिकेट जिंकलो का?"

"फुटबॉल."

"कधी होती मॅच?" असं विचारत विचारत तीच माणसं चपला घालून खाली यायची आणि नाचायला लागायची. भाजीवाल्या बाया नाचल्या. एक पोलीस आम्हाला अडवायला आला, पुतळ्याला बघून हसला आणि पुढं गाड्या बाजूला करत चालायला लागला. मशिदीजवळ आलो तेव्हा अजान झाली. मास्तरनं हात वर केला, सगळं थांबलं. ढोलावर हात ठेवून मी उभा, शेजारी तो टोपी नीट करत. अजान संपली, मशीद मागं गेली, आणि त्यानं परत सूर धरला.

तेवढ्यात वरच्या पट्टीत चढताना आवाज फुस्स झाला. मास्तरनं ट्रंपेट काढलं, तळहातावर थुंकला, एक दात. तो कोटाच्या खिशात टाकला आणि परत वाजवायला लागला. अर्धा सूर, अर्धी हवा. कोणाला काही कळलं नाही. माझ्या हिला तेवढं कळलं. पदरानं त्याचा ओठ पुसला तिनं, भर रस्त्यात, बहीण पुसते तसा.

दुसरा दात आठवड्यात गेला. ट्रंपेट सुटलं. मला वाटलं आता हा खचणार. तर हा गावभर दात नसलेलं तोंड दाखवत फिरला. "लोकांचे दात शेंगदाण्यात जातात. माझे वरातीत गेले." आणि झांजा उचलल्या.

त्याच हिवाळ्यात माझी ही गेली. तिच्याबद्दल मला सांगता येत नाही, आणि मी सांगणारही नाही. मास्तर रोज संध्याकाळी यायचा. देव, नशीब, असलं काही बोलला नाही. नुसता बसायचा, टीव्ही लावायचा, कुठलीही मॅच असो. चहा मी करायचो, वाईट व्हायचा, तो पिऊन टाकायचा.

त्या वरातीनंतर दोन वर्षांनी दिल्लीत परत फायनल आली. तेव्हा गणपती आणि रोजे एकत्र आले होते. गल्लीत आरतीची गडबड, आणि मास्तर माझ्याकडं येताना खजूर आणि झांजा दोन्ही घेऊन आलेला. मॅच चालू असतानाच त्यानं रोजा सोडला, एक खजूर मला दिला. मॅच पेनल्टीवर गेली. या वेळी त्यानं पाठ फिरवली नाही. "आता पडायला दात राहिले नाहीत," म्हणाला.

आपल्या गोलकीपरनं बॉल अडवला. जिंकलो. मास्तरनं झांजा अशा वाजवल्या की शेजारणीनं भिंत ठोकली. मी टेबलावर ढोल धरला. मग दोघंही एकदम थांबलो. घरात एक प्रश्न विचारायचा राहिला होता आणि तो विचारणारं कोणी नव्हतं.

मास्तर स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून हळूच म्हणाला, "आला, वहिनी."

मग पुन्हा झांजा. मला रडायला त्यानं सवडच दिली नाही.

तुळशीचं लग्न झालं, सराई लागली. त्याच सराईतली ती पायरीवरची सकाळ, चिंच आणि राखेची. घरी जाऊन जेवला, आडवा झाला, तो उठलाच नाही. त्याच्या मुलानं निरोप दिला. संध्याकाळी मगरिबनंतर माती दिली. त्यांच्यात मयताला वाजवत नाहीत. बँडमधले सगळे आलो होतो, आणि हातांचं काय करायचं ते एकालाही कळत नव्हतं.

परतताना पोरं म्हणाली, "काका, उद्या नको जायला. दुसरा बँड देऊ त्यांना."

मी म्हणालो, "सुपारी मास्तरनं घेतलीय. साडेआठला टेम्पो निघेल."

सकाळी गाळा उघडला. खुंटीवरच्या झांजा काढल्या आणि माझ्या ढोलाच्या दोरीला बांधल्या. पिंपळगावात मांडवाबाहेर लाल कोट घालून ओळीत उभे राहिलो. मुहूर्त टळला. ऊन चढलं. घोडेवाला दोनदा विचारून गेला. क्लॅरिनेटवाला म्हणाला, "काका, सावलीला तरी बसू."

"बस तू. मी आहे."

नवरदेवाची गाडी आली तेव्हा त्याचा मामा पळत पुढं आला, घामाघूम. "लय उशीर झाला हो. हायवेला अडकलो. तुम्हाला ताटकळत ठेवलं."

"नवरदेव उशिराच येतो," मी म्हणालो. "बसवा त्याला घोड्यावर."

आणि ढोलावर पहिला ठोका टाकला. दोरीला बांधलेल्या झांजा त्या ठोक्याबरोबर वाजल्या, आणि मी चालायला लागलो.