पडली नाही, पाडली

दुधाकडे बघत उभं राहिलं की ते वर यायला मुद्दाम वेळ लावतं, असा पडदेकाकूंचा अनेक वर्षांचा अनुभव होता. म्हणून त्या सकाळीही त्या दुधाकडे पाठ करून, डाव्या हाताने कपांत साखर टाकत उभ्या होत्या. पट्टी बांधलेलं उजवं कोपर अजून ठणकत होतं. पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण घरात कोपराचा विषय निघाला की पाठोपाठ सायकलीचा निघायचा.

न काढताच निघाला.

"ताई संध्याकाळी येतेय," टेबलापाशी बसलेले काका म्हणाले. "टेम्पो ठरवलाय तिने. गच्चीत जागासुद्धा करून ठेवलीय."

"वन्संना भारी उत्साह."

"अगं, सुंदर दिसेल. पुढच्या टोपलीत शेवंती, मागे कॅरियरवर कोरफड."

"आणि सीटवर काय, निवडुंग?"

"सीटवर आता कोण बसणार आहे?"

"म्हणूनच म्हणते, निवडुंग चालेल."

काकांनी पेपरात डोकं घातलं. हातात लाल पेन्सिल होतीच. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून उभी हयात गेली, निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. रोजचा पेपर ते वाचत नसत, तपासत. बातमी कसलीही असो, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की त्यांचा चहा कडू व्हायचा.

काकू पडदे शिवायच्या. नुसत्या शिवून मोकळ्या व्हायच्या नाहीत. घरी जाऊन माप घ्यायच्या, कापड दाखवायच्या, शिवायच्या आणि स्वतः स्टुलावर चढून टांगून यायच्या. हे सगळं सायकलवर. कॅरियरला लांबीत बांधलेले पडद्यांचे दांडे, टोपलीत नमुन्यांची पिशवी, गळ्यात टेप. अंगात उरलेल्या पडद्यांचं शिवलेलं जाकीट, त्यावर जेवणाच्या ताटाएवढी सूर्यफुलं. "बाई येतेय की खिडकी येतेय?" असं लोक विचारायचे. काकूंना तेच हवं होतं. रस्त्यावर दिसलं पाहिजे, बाकी शोभेचं बघता येईल.

रस्त्यावरच्या गाडीवाल्यांना त्यांनी आपल्या धंद्यातली नावं दिली होती. मागे चिकटून येऊन पाठ गरम करणारा तो इस्त्रीवाला. जिथे बोटसुद्धा जाणार नाही अशा फटीतून घुसणारा, तो सुईत ओवणारा. वळायचा दिवा डावीकडचा लावून उजवीकडे जाणाऱ्याला त्या उलटा पडदा म्हणत. भांडण मात्र त्या करत नसत. उगाच कुणी मागून हॉर्न वाजवत राहिला, तर पुढच्या सिग्नलला त्या शांतपणे उतरायच्या, त्याच्या काचेवर टकटक करायच्या आणि हसून विचारायच्या, "हाक मारत होतात ना? बोला." समोरच्याची जी त्रेधा उडायची, तिच्यावर काकूंचा दिवस छान जायचा.

आणि आता सायकलची कुंडी होणार होती.

झालं ते असं. गेल्या आठवड्यात औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर एका उभ्या गाडीचं दार एकाएकी उघडलं. काकू दारावर, सायकल काकूंवर आणि दांडे सगळ्या रस्त्यावर. गाडीतून एक गृहस्थ उतरले, वाकून म्हणाले, "काही झालेलं नाही, रिलॅक्स. दिसलाच नाहीत तुम्ही." एवढ्या सूर्यफुलांनंतरही! काकू तोंड उघडेपर्यंत मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला आणि गृहस्थ गाडीत बसून गेलेसुद्धा.

त्या लंगडत घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यातूनच आवाज दिला होता, "अहो, तुमच्या काकू पडल्या!"

तेव्हापासून घरादारात एकच क्रियापद. तू पडलीस. ती पडली. आई कशी गं पडलीस, असं लेकीने फोनवर विचारलं. वन्संनी तर, "या वयात तोल जायचाच," असा निकाल देऊन कुंड्यांची रंगसंगती सांगायला घेतली.

"पडले नाही हो, पाडलं मला," काकू सांगून थकल्या.

"तेच ते," काका म्हणायचे.

"तेच ते? एका कथेत 'ती मरते'च्या जागी 'ती मारते' छापलं जात होतं, तर तुम्ही मशीन थांबवायला लावलं होतंत. मालकाशी भांडून! आणि बायकोच्या वेळी एक काना जड झाला?"

"ते छापील होतं. हे बोलणं आहे." मग आवाज उतरवून, "अगं, तोल जाण्यात लाज कसली? सगळ्यांचाच जातो एक दिवस."

या उतरवलेल्या आवाजाचीच काकूंना धास्ती होती. काल त्या माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढल्या, तर काका वाचता वाचता उठून मुकाट्याने स्टूल धरून उभे राहिले. पण काकू समजल्या. आज सायकल गेली की उद्या स्टूल जाणार, आणि स्टूल गेलं की पडदे कुणी टांगायचे? सगळं त्या एका कान्यावर अडलं होतं. सायकलच्या कुलपाची किल्ली काकांच्या सदऱ्याच्या खिशात होती. सदरा ते अंघोळीलासुद्धा बरोबर नेत.

काकू कप भरणार इतक्यात दार वाजलं. बेल बिघडलेली असल्यामुळे चांगलं ठोठावलं. त्या वळल्या आणि तेवढ्यात, इतका वेळ दबा धरून बसलेलं दूध शेगडीभर पसरलं.

"बघ गं कोण ते," काका पेन्सिलीमागून म्हणाले.

एका हातात फडकं घेऊन काकूंनी दार उघडलं. बाहेर एक गुळगुळीत दाढी केलेले गृहस्थ बोटाभोवती गाडीची किल्ली फिरवत उभे होते.

"पडदे शिवणाऱ्या ताई इथेच राहतात ना? तुमचा फोन लागेना. मी दातांचा डॉक्टर, दोन गल्ल्या सोडून नवीन दवाखाना काढलाय. हिने सांगितलंय, घेऊनच या म्हणून."

"एक मिनिट हं, दूध उतू गेलंय..."

"काही झालेलं नाही, रिलॅक्स, रिलॅक्स."

काकूंच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांनी नीट बघितलं. तोच आवाज, तीच मान वाकवण्याची ढब. गृहस्थांना मात्र काही उमगलेलं दिसलं नाही. कसं उमगणार? त्या दिवशी काकूंच्या डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल, डोळ्यांवर गॉगल. आज समोर गाऊनातली, दुधाने हात बरबटलेली बाई.

शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले. पण काकूंनी विचार केला, आत्ता बोललं तर हे महाशय म्हणणार, मी? छे! आणि आपले हे, 'डॉक्टर' म्हटल्याबरोबर, उठून खुर्ची देणार, वर स्वतःची दाढ दाखवणार. तेव्हा त्या गोड हसून म्हणाल्या, "पाच मिनिटांत साडी बदलून येते. आजच माप घेऊ."

"अगं, कोपर!" आतून काका.

"मापाला डावा हात पुरतो."

दोन गल्ल्यांसाठीसुद्धा डॉक्टर गाडीच घेऊन आले होते. काकू नमुन्यांची पिशवी मांडीवर घेऊन पुढे बसल्या. इतकी वर्षं ज्या काचेवर बाहेरून टकटक केली, ती आतून बघायची पहिलीच वेळ. आत गार होतं, गाणं लागलं होतं आणि बाहेरचा रस्ता भलताच लांबचा वाटत होता. काकूंनी मनात कबूल केलं, इथे बसून माणसाला काही दिसत नसेल तर नवल नाही. दिसायची गरजच वाटत नाही.

पुढे एक पेपरवाला सायकलवरून चालला होता. डॉक्टरांनी दणदणीत हॉर्न दिला.

"ओळखीचे का?" काकूंनी विचारलं.

"कोण?"

"ते पुढचे. तुम्ही हाक मारलीत ना."

"छे हो! बाजूला हो म्हटलं." डॉक्टर जरा गडबडले. "या सायकलवाल्यांचं काही खरं नाही बघा. परवा एक बाई तर येऊन थेट माझ्या दारावर आदळली."

"अगं बाई! बंद दारावर?"

"बंद नाही... मी उघडत होतो."

"मागे बघून?"

डॉक्टरांनी गाण्याचा आवाज उगाच कमी-जास्त केला. "फोनवर होतो मी. एका पेशंटचा जबडा सुजला होता. पण ती आली कुठून तेच कळलं नाही. आमची ही अजून बोलत नाहीये नीट. म्हणते, तुम्ही थांबायला हवं होतं, निदान कुठे राहते ते तरी विचारायचं."

"मग का नाही विचारलंत?"

"मागचे हॉर्न वाजवत होते हो!"

"हाक मारत असतील," काकू म्हणाल्या.

दवाखान्यासमोर गाडी थांबली. डॉक्टरांनी किल्ली काढता काढता दाराला हात घातला. "थांबा!" काकू ओरडल्या आणि त्याच क्षणी एक स्कूटर दाराला घासून पुढे गेली.

"बघा! बघा कसे येतात!" डॉक्टर म्हणाले.

काकूंनी डोळे मिटून घेतले. रोग जुना होता. साध्या औषधाने जाणार नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई मनमोकळ्या निघाल्या. ऊन थेट पेशंटच्या डोळ्यांवर येतं, तोंड उघडं आणि डोळे गच्च मिटलेले, अशी तक्रार होती. शिवाय बाहेरच्या खोलीला चांगलं जाड लाकडी दार होतं. त्यावरही पडदा हवा होता, म्हणजे आतलं ओरडणं बाहेर कमी जाईल. काकूंनी खिडक्यांची मापं घेतली, आकडे डॉक्टरीणबाईंना लिहून घ्यायला सांगितले. मग दारापाशी आल्या.

"डॉक्टर, जरा मदत करता? कोपर दुखतंय माझं. टेपचं हे टोक जमिनीला टेकवून धरा. नाही, असं नाही, खाली बसा. उकिडवे. हं, अगदी दाराशी. मी बाहेरून उंची बघते."

डॉक्टर उकिडवे बसले. काकू बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं. आत डॉक्टरीणबाई काहीतरी विचारत होत्या, डॉक्टर मान वळवून उत्तर देत होते. काकूंनी डावा हात दाराच्या मुठीवर घट्ट ठेवला, मनाशी अंतर धरलं आणि दार धाडकन ढकललं.

दार डॉक्टरांच्या नाकापासून वीतभर अलीकडे थांबलं, कारण काकूंनी ते पक्कं धरलं होतं. पण डॉक्टर थांबले नाहीत. ते मागे कलले, हात हवेत फिरले, टेप सुटून लांब उडाला आणि दवाखान्याचे मालक स्वच्छ फरशीवर बसते झाले.

काकूंनी मान वाकवली. "काही झालेलं नाही, रिलॅक्स. दिसलाच नाहीत तुम्ही."

"दिसलो नाही?" डॉक्टर लाल झाले. "तुम्हीच बसवलंत ना इथे! न बघता दार उघडलंत! पाडलंत तुम्ही मला!"

आठवडाभर घरात जो काना कुणाला सापडत नव्हता, तो डॉक्टरांच्या तोंडून बसल्या जागी, अगदी बिनचूक निघाला. काकूंना त्याला लाल पेन्सिलीने गोल करावासा वाटला.

डॉक्टर पुढे काही बोलणार होते. पण तोंड उघडंच राहिलं. त्यांनी काकूंच्या कोपरावरच्या पट्टीकडे बघितलं, मग काकूंकडे, मग दाराकडे. "औषधांच्या दुकानापाशी..." ते हळूच म्हणाले.

"याच का त्या?" डॉक्टरीणबाई टाळी वाजवून उठल्या. नवऱ्याला हात द्यायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. "आणि तुम्ही यांनाच गाडीत बसवून सगळं सांगत आलात?"

"सगळं," काकू म्हणाल्या. "जबड्यासकट."

डॉक्टर उठले, कपडे झटकले, पुन्हा पुन्हा माफी मागितली. या वेळी एकदाही रिलॅक्स म्हणाले नाहीत. मग भरपाई सुरू झाली. सायकल दुरुस्त करून देतो. कोपराचा फोटो काढू, माझा मित्र हाडांचा डॉक्टर आहे. दात तपासून देतो, जन्मभर, तुमचे आणि घरातल्या सगळ्यांचे.

"दात शाबूत आहेत माझे. तुम्ही कोपरावर पाडलंत."

"मग सांगा ना, काय करू? काहीही सांगा."

काकूंनी टेप गळ्यात अडकवला, नमुने पिशवीत भरले. घरी शेगडी पुसायची राहिली होती. वन्संचा टेम्पो आता कधीही निघाला असता; उत्साहाच्या भरात त्या संध्याकाळची दुपारही करत. इतका वेळ खोडकरपणे वर गेलेली काकूंची भुवई खाली आली आणि आवाज साधा झाला.

"आत्ता माझ्याबरोबर घरी चला आणि आमच्या यांना सांगा, की दार तुम्ही न बघता उघडलंत."