माळावरचं एकुलतं एक झुडूप

आधी चहा संपवा, मगच सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना एकानं शर्टावर सांडून घेतला होता.

तर झालं काय, टीव्हीवर एक फिल्म बघितली. कुठल्याशा बारमाही पावसाच्या जंगलातली. एक फुलपाखरू. पंख उघडले की निळंजांभळं, रेशमी शालूच जणू. मिटले की वाळकं पान! देठासकट! आणि पानांत पान होऊन बसलेला पोपट तर माझ्या बापालाही दिसला नसता. मी येडाच झालो. म्हटलं, आपणही असंच लपायचं आणि असा फोटो काढायचा, की पक्षीमित्रांचा ग्रुप गार! तोवर तिथं माझी ओळख काय, तर 'कावळेवाले काका'. दुसरं काही माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात आलंच नव्हतं.

मागवला ऑनलाइन सूट. हिरवागार, अंगभर कापडी पानं लोंबणारा. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून टोपीत सुबाभळीच्या डहाळ्या खोचल्या.

सलीम, माझा शाळेपासूनचा दोस्त, स्कूटरवरून मला मोहोळच्या अलीकडं माळावर घेऊन आला. बघून म्हणाला, "पूरा पोपट दिसायलास की रे!"

"जंगलात असंच दिसायचं असतं."

"जंगल कुटंय पण?"

मी दुर्लक्ष केलं. तो रस्त्याकडेच्या टपरीवर चहाला थांबला, मी माळावर जाऊन पालथा पडलो.

आता तुम्हीच सांगा, ऐन उन्हाळा, सोलापूरचा माळ. हिरवं काय असतं हो? गवत पिवळं, माती पिवळी, कुत्रंसुद्धा पिवळं! पण हे डोक्यात यायला डोकं जाग्यावर पाहिजे ना!

आणि काय नशीब! दोन हातांवर चंडोल येऊन बसला. मातकट, ठिपक्याठिपक्यांचा, उन्हात पंखांच्या कडा तांबूस सोनेरी. श्वास रोखला. खट्! एक फोटो मिळाला.

तेवढ्यात मागून, "बेंऽऽ!"

टोपी हलली. मग पाठीवर कुणीतरी ओढलं. मग पायावर. शेळ्या! अख्खा कळप! पण मला अजून एक फोटो हवा होता. दात आवळून पडून राहिलो. एकीनं तर कान चाटून बघितला.

"अगं बया! हितं पाला कुटनं आला?" शेळ्यांची मालकीण. हातात डहाळ्या ओढायची आकडी. ती थेट माझ्या कॉलरीत अडकली, आणि बाईनं लावला की जोर!

"ओ मावशी! मी हाय! माणूस हाय!"

झुडूप उठून उभं राहिल्यावर काय होणार? मावशी "भूतऽऽ!" करत एकीकडं, शेळ्या दुसरीकडं, चंडोल तिसरीकडं. मग मावशी लांबूनच ओरडली, "मानूस हायस तर मानसावानी बस की रं मुडद्या!"

घरी आलो फाटक्या सुटात. पण फोटो होता ना! बायकोपुढं धरला. "बघ, चंडोल!"

तिनं फोटो मोठा करून बघितला. "अहो, नुसतं गवत आहे की."

"नीट बघ ना, मधेच तर..." म्हणत मीही शोधायला लागलो. डावीकडं, उजवीकडं, मोबाइल उलटा धरून. माझ्याच फोटोत मलाच पक्षी सापडेना!

इतक्यात टिंग वाजलं. सलीमनं टपरीवरून काढलेला फोटो पाठवला होता. अख्खा पिवळा माळ, आणि लांऽऽब कुठंतरी मुगाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका.

बायकोनं पटकन बोट ठेवलं.

"हे बघा, हे तुम्ही!"